घरपट्टी वाढवून मागावी कशी? (नवशिक्यांसाठी)

घरपट्टीपायी माणसं काय काय करतात ते आपण पाहिलेलं आहे. आकारणी चुकली म्हणून अर्ज करतात, शास्ती माफ होईल म्हणून वाट बघत बसतात, मोजणीवाले येणार कळलं की गच्चीवरची शेड काढून ठेवतात. पण "माझी घरपट्टी वाढवा, आणि हो, शेजाऱ्यांचीही वाढवा" असं म्हणत दारोदार फिरणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी रोज आरशात पाहायची.

साल २०१६, मुक्काम रेडमंड, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका. सिॲटलच्या या पंचक्रोशीत रेल्वे-बससाठी नवा कर लावायचा झाला तर आधी लोकांचं मत घ्यावं लागतं. पुण्या-मुंबईत आणि नागपुरात एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो, त्याआधी कुणी घरी पत्र पाठवून "चालेल ना?" असं विचारल्याचं माझ्या नणंदेला तरी आठवत नाही. इथे विचारतात. आणि विचारलं की माणूस नको म्हणतो. पंगतीत वाढपी समोर आला की पोटात जागा असूनही आपण ताटावर आडवा हात धरतो, तसंच. फरक इतकाच की इथे आग्रह करायला स्वतंत्र माणसं नेमावी लागतात, आणि त्यांना पगार नसतो.

त्या बिनपगारी माणसांसाठी ही मार्गदर्शिका. मत पुढेही कधीतरी होईलच. तयारी आतापासून केलेली बरी.

धडा पहिला: स्वतःची घरपट्टी शोधणे

वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत घरावर कर्ज असेल तर घरपट्टी बहुधा बँकच कापून घेते आणि परस्पर भरते. त्या खात्याला एस्क्रो म्हणतात. आपण फक्त महिन्याचा हप्ता बघतो आणि सुस्कारा टाकतो. आमच्या घरात दोघंही आकडेमोडीवर पोट भरणारी, पण घर घेऊन सहा वर्षं झाली तरी घरपट्टी नेमकी किती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कागद शोधायला एक रविवार गेला. सापडला तो गॅरेजमध्ये, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. का, ते विचारू नका.

कागद हाती आला की शांतपणे वाचा. आमच्या किंग काउंटीत निम्म्याहून जास्त घरपट्टी शाळांना जाते, हे वाचून अनेकांचा राग तिथेच उतरतो. मुलं शाळेत असतील तर नक्कीच. मग गणित करा. २०१६ च्या रेल्वे-प्रस्तावात घरपट्टीची मागणी होती घराच्या सरकारी किमतीच्या दर हजार डॉलरमागे २५ सेंट. म्हणजे ६ लाख डॉलरच्या घराला वर्षाला १५० डॉलर. वर्षाला. हा शब्द दोनदा उच्चारण्याची सवय लावून घ्या. आमच्या ओळखीच्या एका भाऊजींनी फक्त 'पंचवीस' एवढंच ऐकलं, पुढचा शब्द टक्के आहे असं धरलं आणि सोफ्यावरून ताडकन उठले. त्यांना पुन्हा खाली बसवायला दोन चहा लागले.

घरपट्टीबरोबर आणखी दोन भावंडं होती, ती लपवू नका. विक्रीकरात अर्धा टक्का वाढ, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर ५० सेंट. (किराणा मालावर या राज्यात विक्रीकर नाही, त्यामुळे तांदूळ-डाळीला धक्का नाही, हे वहिनीमंडळींना आधी सांगावं.) आणि मोटारीच्या वार्षिक नोंदणीवर किमतीच्या ०.८ टक्के. हे तिसरं भावंड खोडकर निघालं. त्याच्याकडे आपण परत येऊ.

स्वाध्याय: आपली घरपट्टी, पै-पैशासह, कागदाकडे न बघता नवऱ्याला किंवा बायकोला सांगा. चूक झाल्यास प्रचाराला निघू नका.

धडा दुसरा: एक गोष्ट पाठ करणे

आकडे कुणाला आठवत नाहीत, गोष्ट आठवते. सुदैवाने सिॲटलपाशी एक अशी गोष्ट आहे की ती ऐकून कंजूष माणूसही हळहळतो.

१९६८ साली जिम एलिस नावाच्या वकिलांच्या पुढाकाराने या शहरापुढे 'फॉरवर्ड थ्रस्ट' नावाची मोठी योजना आली. उद्यानं, रस्ते, क्रीडागार, आणि ४७ मैलांची, ३० स्थानकांची रेल्वे. पूर्ण होणार होती १९८५ पर्यंत. खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा वॉशिंग्टन डीसीचं सरकार उचलायला तयार. उरलेल्यासाठी घरपट्टीच्या जोरावर कर्जरोखे काढायचे, आणि अशा रोख्यांना साधं बहुमत पुरत नव्हतं, ६० टक्के मतं लागत. रेल्वेला पडली सुमारे ५१ टक्के. क्रीडागाराला मात्र ६० च्या वर पडली. लोकांनी खेळ बघायची सोय केली, तिथवर जायची केली नाही.

१९७० साली पुन्हा विचारलं. तेव्हा बोईंग कंपनीत नोकरकपातीची लाट होती, पोटाची चिंता होती, आणि रेल्वेची मतं ४६ टक्क्यांच्या आसपास घसरली. पुढच्याच वर्षी विमानतळाजवळ कुणीतरी फलक लावला होता की सिॲटल सोडून शेवटी जाणाऱ्याने दिवे मालवून जावं. रेल्वेसाठी राखलेला केंद्राचा पैसा अटलांटा शहराने नेला. त्यांची गाडी १९७९ मध्ये धावायला लागली. इथली पहिली लाइट रेल धावली २००९ च्या जुलैत. तीस वर्षं!

आणि ते क्रीडागार? किंगडोम त्याचं नाव. १९७६ ला उघडलं, २००० साली सुरुंग लावून पाडलं, आणि पाडल्यानंतरही त्याचं कर्ज कितीतरी वर्षं फिटतच होतं.

ही गोष्ट सांगताना 'अटलांटा' हा शब्द जरा थांबून उच्चारावा. आपल्या वाटणीचा पेढा शेजाऱ्याने उचलला, ही वेदना मराठी माणसाला भाषांतर न करता कळते.

याच गोष्टीचं एक शेपूट आहे, ते जाणकारांसाठी. १९९५ ला रेल्वेचा प्रस्ताव पडला, १९९६ ला मंजूर झाला. २००७ ला पडला, २००८ ला मंजूर झाला. दोन्ही वेळा प्रस्ताव आधीपेक्षा सुटसुटीत केला होता हे खरं, पण मंजुरीचं दोन्ही वेळचं साल अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं होतं हेही खरं. त्या वर्षी एरवी मतपत्रिकेचं पाकीट न उघडणारे तरुण, भाडेकरू, बसने फिरणारे असे सगळे मत देतात. तेव्हा तुमच्या वक्तृत्वापेक्षा पंचांगाला जास्त महत्त्व आहे, हे नम्रपणे लक्षात असू द्यावं. २०१६ हेही तसलंच वर्ष होतं.

धडा तिसरा: ज्यांना गाडी हवी त्यांना मत नसतं

हा धडा कुठल्याही प्रचारपत्रकात नव्हता. तो मला सासूबाईंनी शिकवला.

आई त्या वर्षी मेअखेरीस आमच्याकडे आल्या. वय अडुसष्ट. पुण्यात कोथरूडहून मंडईत बसने जाणाऱ्या, कंडक्टरशी सुट्ट्यांवरून तात्त्विक वाद घालणाऱ्या, लग्नाआधी डोंबिवलीहून लोकलच्या दारात उभं राहून नोकरी केलेल्या. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "स्टॉप कुठे आहे गं?" मी सांगितलं, चालत पंचवीस मिनिटं. "आणि बस?" अर्ध्या तासाने एक. "आणि ती जाते कुठे?" इथे मी गप्प झाले, कारण मला माहीत नव्हतं. या गावात मी कधी बसमध्ये पाऊलच ठेवलं नव्हतं.

मग आई खिडकीत बसायला लागल्या. आमची गल्ली सुंदर आहे, झाडं आहेत, खारी आहेत. पण खारी किती दिवस बघणार? संध्याकाळी मी घरी आले की त्या चप्पल घालून तयार असायच्या, आणि मला दमलेलं पाहून पुन्हा काढून ठेवायच्या. तशी कुणाची काही तक्रार नव्हती. घरात चार खोल्या, दोन मोटारी, तीन टीव्ही, आणि एका माणसाला भाजी आणायला जाता येत नव्हतं.

जुलैत एका शनिवारी मी त्यांना सिॲटलला विद्यापीठाच्या स्थानकावर घेऊन गेले. तिथला रेल्वेचा बोगदा त्याच मार्चमध्ये उघडला होता. लांबलचक सरकत्या जिन्याने खाली उतरलो, गाडीत बसलो आणि दहा मिनिटांच्या आत शहराच्या मध्यावर. आई दारापाशीच उभ्या राहिल्या, खांबाला धरून, जागा रिकामी असूनही. येताना म्हणाल्या, "हे आपल्याकडे का येत नाही?" आपल्याकडे म्हणजे रेडमंडला. दोन महिन्यांत रेडमंड त्यांचं झालं होतं, आणि त्यावर त्यांचा काडीचाही हक्क नव्हता.

आता आपल्या मंडळींची यादी करून बघा. आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर, मत नाही. मुलं सोळाच्या आतली, मोटार नाही आणि मतही नाही. भाचा एच-वन-बी व्हिसावर, घर घेतलंय, घरपट्टी चोख भरतो, ग्रीन कार्डाच्या रांगेत इतका मागे उभा आहे की नातवंडांच्या आधी नंबर लागला तर भाग्य, मत नाही. मत आहे ते आमच्यासारख्यांना, जे वीस वर्षांपूर्वी आले, नागरिक झाले, आणि दाराशी दोन मोटारी बाळगून आहेत. म्हणजे ज्याला पाय आहेत त्यालाच विचारायचं, कुबड्या हव्यात का?

म्हणून प्रचार करताना गिऱ्हाईक नीट ओळखा. भाच्यासमोर तासभर बोलून उपयोग नाही, तो आधीच 'हो' म्हणतोय आणि त्याच्या 'हो'ची मोजदाद होत नाही. गाठायचं ते त्याच्या मामाला. आणि मामाला "तुला गाडी हवी का?" असं कधीही विचारू नये. तो नाही म्हणेल, आणि खरंच बोलत असेल. त्याला विचारावं, "तुझी आई दिवसभर काय करते?"

धडा चौथा: फराळाच्या ताटावर

मतपत्रिका इथे टपालाने घरी येते, ऑक्टोबरच्या मध्यानंतर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होतं आणि मतदानाचा दिवस ८ नोव्हेंबर. याहून चांगला योग पंचांगकर्त्यालाही जुळवता आला नसता. सगळी मराठी घरं एकमेकांकडे फराळाला, आणि प्रत्येक घरात, फ्रिजवर चुंबकाखाली, कोरी मतपत्रिका.

पथ्यं दोनच. पहिलं, ज्याच्या तोंडात चकली आहे त्याच्याशीच बोलावं. चकली कुरकुरीत असेल तर पूर्ण वाक्य ऐकून घेतो. दुसरं, अनारसे देऊन होईपर्यंत 'टॅक्स' हा शब्द काढू नये. आईंनी त्या वर्षी अनारसे केले होते आणि ते हसले नव्हते, हे मी प्रचाराच्या यशातलं मोठं कारण मानते.

आक्षेप ठरलेले असतात. "आपला पैसा सिॲटलवाले खाणार" हा सगळ्यात लाडका. याला खणखणीत उत्तर आहे. ही रेल्वे बांधणाऱ्या साउंड ट्रान्झिट या संस्थेच्या हद्दीचे पाच भाग पाडलेले आहेत आणि ज्या भागातून कर गोळा होतो त्या भागाच्या कामाकडेच तो जायचा, असा त्यांचा दंडक आहे. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात सहसा जात नाही. हे ऐकून आक्षेप घेणारा जरा हिरमुसतो, कारण त्याला पुढचं वाक्य तयार नसतं.

"पाच वर्षांत मोटारी स्वतःच चालायला लागतील, मग रेल्वे कशाला?" २०१६ साली हे प्रत्येक पार्टीत कुणीतरी म्हणायचंच. आमच्याकडे ते म्हणणारे स्वतः सॉफ्टवेअरवाले होते, त्यामुळे आवाजात वजन असायचं. मी एवढंच विचारायची, की त्या स्वतः चालणाऱ्या मोटारी सिॲटलला जाणाऱ्या पुलावर एकमेकींच्या डोक्यावरून जाणार आहेत का?

"जमिनीच्या किमती वाढल्या की हा करही वाढत जाणार." इथे राज्याचा नियम आपल्या बाजूने आहे. नवी बांधकामं सोडली तर घरपट्टीची एकूण वसुली लोकांना न विचारता वर्षाला १ टक्क्याहून वाढवता येत नाही. घरांच्या किमती त्याहून वेगाने वाढल्या की हजारामागचा दर उलट उतरत जातो, आणि पुढे तो २५ सेंटांवरून उतरलाही. पण हे समजावून सांगायला कागद-पेन्सिल लागते, आणि हातांना लाडवाचं तूप असतं. मी हा मुद्दा दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा लोक उठून चिवडा घ्यायला गेले.

एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करून गेला. त्या सोफ्यावरून उठलेल्या भाऊजींनी शांतपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वतः शेवटचं बसने कधी गेलात?"

धडा पाचवा: खोटं न बोलणे

प्रचारात सगळ्यात मोठा मोह असतो तो गाडी लवकर आणण्याचा. आणू नका. प्रस्ताव होता २५ वर्षांत सुमारे ५४ अब्ज डॉलर आणि ६२ मैल नवे रूळ, असा. २५ वर्षं. शेजारच्या इसाक्वा गावाला, जिथे आपल्या निम्म्या मैत्रिणी राहतात, गाडी पोचणार होती २०४१ साली. तेव्हा मी ६६ वर्षांची असणार होते, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीच्या तिकिटावर बसणार. मी हे स्वतःहून सांगायची. लोक हसायचे आणि हसल्यावर ऐकायचे. पुढे ती तारीख २०४४ वर गेली. २०४१ ला शपथेवर सांगितलं असतं तर आज तोंड दाखवायला जागा नसती.

खर्चाचंही तसंच. वेस्ट सिॲटलच्या एका टप्प्याचा अंदाज २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलरच्या घरात गेला. रेडमंड-सिॲटल मार्ग ज्या तरंगत्या पुलावरून जातो, त्या टप्प्यातले रुळांखालचे काँक्रीटचे चौथरे सदोष निघाले, फोडून पुन्हा घालावे लागले, आणि २०२३ ची गाडी लांबली. पुलाखालचं तळं खोल, तळाशी गाळ, म्हणून पूल पाण्यावर पोकळ काँक्रीटच्या पेट्यांवर तरंगतो. पाणी वर-खाली झालं की पूल हलतो, आणि त्यावरून रूळ न्यायचे. तरंगत्या पुलावरून लाइट रेल जगात आधी कुणी नेलेली नव्हती. कठीण काम होतं हे मान्य, पण 'कठीण होतं' हे उत्तर घरपट्टी भरणाऱ्याला रोज ऐकवता येत नाही.

आणि ते खोडकर भावंड. मोटारीची किंमत ठरवायला वापरलं गेलं १९९० च्या दशकातलं जुनं कोष्टक. त्यात मोटार बाजारभावापेक्षा बरीच महाग धरलेली, विशेषतः नवी असताना. २०१७ च्या वसंतात लोकांना नोंदणीची बिलं आली आणि फोन माझ्याकडे आले. "वहिनी, हे सांगितलं नव्हतंत." नव्हतं सांगितलं, कारण मी ते कोष्टक उघडून पाहिलंच नव्हतं. ०.८ टक्के म्हणजे काय ते सांगितलं, पण कशाचे ०.८ टक्के, हे विचारायला विसरले. माझ्या मते संस्थेने ते जुनं कोष्टक वापरणं चूकच होतं, आणि रेल्वेच्या बाजूच्या माणसांनी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं. त्या रागावर २०१९ मध्ये ३० डॉलरच्या नोंदणीचा प्रस्ताव राज्यभर मंजूर झाला. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला म्हणून रेल्वे वाचली. आपल्या प्रचाराने नव्हे.

धडा सहावा: पाकीट

'हो' म्हणवून घेणं हे अर्धं काम. 'हो' म्हणालेला माणूस मतपत्रिका फ्रिजवरच ठेवून देतो. कागद लांबलचक, दोन्ही बाजूंनी छापलेला. अध्यक्ष निवडून झाले की माणसाला कृतकृत्य वाटतं आणि तो पान उलटत नाही. "पान उलटलंस का?" हे प्रचारातलं सर्वांत प्रभावी वाक्य आहे, घोषणा वगैरे सगळं त्यापुढे फिकं.

मग पाकिटावरची सही. ती नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. आपल्या लोकांच्या सह्या तीन: एक पुण्याच्या बँकेतली देवनागरी, एक पासपोर्टवरची, आणि एक कुरिअरवाल्याच्या यंत्रावर बोटाने ओढलेली रेघ. यातली नोंदीत कुठली, ते आठवून मगच सही करावी. न जुळल्यास पत्र येतं आणि दुरुस्त करता येतं, पण पत्र उघडणारा माणूस घरात असावा लागतो. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पेटीत पडलं पाहिजे.

शेवटच्या दिवसावर काहीही ठेवू नका, हे मी अनुभवाने सांगते. ८ नोव्हेंबरला सकाळी आठवण करून द्यायचे तेवीस फोन मी योजले होते. पहाटे साडेसहाला, म्हणजे भारतात रात्री आठला, ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर दिवसभर कुणीही माझा फोन लाइट रेलसाठी उचलला नाही. जो तो पर्स, कपाटं, देवाच्या पेट्या उचकत होता. आईंच्या पर्समध्ये, परत गेल्यावर टॅक्सीला लागतील म्हणून जपून ठेवलेल्या, पाचशेच्या सात नोटा निघाल्या. त्या टेबलावर ओळीने मांडून आई बसल्या आणि मी विचारलं, "आई, काय करायचं?" त्या म्हणाल्या, "ते बघू. तू सगळ्यांना पान उलटायला सांगितलंस का?"

धडा सातवा: निकालानंतर

त्या रात्री अमेरिकेत इतकं काही घडत होतं की आमचा निकाल कुणी विचारला नाही. सुमारे ५४ टक्क्यांनी प्रस्ताव मंजूर झाला. किंग काउंटीने भरघोस हो म्हटलं, स्नोहोमिशने काठावरचं, आणि टकोमाच्या पिअर्स काउंटीने नाही म्हटलं; पण मोजणी सगळ्यांची मिळून, त्यामुळे कर पिअर्सलाही लागला. एकत्र कुटुंबात असं होतं. तिकडच्या लोकांसमोर जिंकल्याचे पेढे वाटू नयेत.

मग वाट बघायची. आठ वर्षं.

२७ एप्रिल २०२४ ला रेडमंड ते साउथ बेलव्ह्यू अशी आठ स्थानकांची गाडी सुरू झाली. (हा टप्पा २००८ च्या मताचा बराचसा, आमच्या २०१६ च्या मताचे दोन स्थानकांचे रूळ रेडमंड गावात पुढच्या वर्षी पोचले. श्रेय घेताना ही कबुली द्यावी, कुणीतरी असतंच माहिती असलेलं.) त्या उन्हाळ्यात आई पुन्हा आल्या. वय शहात्तर. मी त्यांना ज्येष्ठांचं कार्ड काढून दिलं, एका फेरीला एक डॉलर. पहिले दोन दिवस स्थानकापर्यंत सोडलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी बस शोधून काढली.

चौथ्या दिवशी दुपारी चारला फोन लागेना. पाचलाही नाही. साडेसहाला आई घरी आल्या, चप्पल दारात सोडली आणि म्हणाल्या, "रूळ तळ्यापाशीच संपतात गं. मग मी पलीकडे जायला बस घेतली. समुद्र बघून आले." बरोबर आणखी एक आजी होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी. त्या सोफ्यावरून उठलेल्या भाऊजींच्या आई.

रात्री भाऊजींचा फोन आला. आधी दोन मिनिटं हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाले, "वहिनी, आई उद्याही जायचं म्हणते. ही शेवटची गाडी किती वाजता असते?"

मी म्हटलं, "थांबा, आईंना देते फोन. मी मोटारीनेच जाते."